विलायतेची बोट: ओशन लायनरबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या प्रवासी बोटींचा विषय निघाला की पहिलं नाव टायटॅनिकचं येतं, आणि बहुतेकदा गप्पा तिथेच संपतात. मला त्याचं वाईट वाटतं. ज्या बोटी बुडाल्या नाहीत, ठरल्या दिवशी सुटल्या, ठरल्या दिवशी पोचल्या आणि वर्षानुवर्षं टपालाच्या थैल्या, विद्यार्थी, सैनिक, मिशनरी, राजेरजवाडे वाहत राहिल्या, त्यांनी जग जास्त बदललं. आपल्या मुंबईचं तर या बोटींशी फार जवळचं नातं होतं. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र देतो आहे.

ओशन लायनर आणि क्रूझ शिप यांत फरक काय?

लायनर म्हणजे ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या वेळापत्रकाने जाणारी बोट. 'लाइन'वर चालते म्हणून लायनर. तिचं काम माणसं आणि टपाल एका बंदरातून दुसऱ्या बंदरात पोचवणं. क्रूझवर प्रवास हाच हेतू असतो. जिथून निघाली तिथेच बोट आठवड्याने परत येते.

हा फरक बोटीच्या बांध्यातही दिसतो. लायनरला हवामान बघून थांबता येत नसे. हिवाळ्यातल्या अटलांटिकमध्येही तिला वेळ पाळायची असे. म्हणून तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, लांब आणि धारदार, पत्रा जाड, बुड खोल आणि इंजिनं गरजेपेक्षा जास्त ताकदीची. क्रूझ शिप वादळ टाळून वळसा घालू शकते, म्हणून तिच्यावर मजल्यांवर मजले आणि बाल्कन्या चढवता येतात.

या व्याख्येने पाहिलं तर मुंबईहून रत्नागिरी, मालवण, पणजीकडे जाणारी कोकणबोटसुद्धा लायनरच होती, छोटी असली तरी. माणसं, पत्रं, आंब्याच्या पेट्या आणि वेळापत्रक, सगळं तिच्यात होतं.

'बोट' म्हणायचं की 'जहाज'?

दोन्ही चालतं. इंग्रजीत एवढ्या मोठ्या जहाजाला बोट म्हटलं तर खलाशी नाराज होतात, पण मराठीत आगबोट हा शब्द रुळला आणि त्याची बोट झाली. 'तो बोटीने विलायतेला गेला' हे वाक्य आपल्या कितीतरी घरांत बोललं गेलं आहे. मी इथे बोटच म्हणणार.

हे सगळं सुरू कधी झालं?

वाफेची इंजिनं १९व्या शतकाच्या सुरुवातीलाच बोटींवर आली होती, पण महासागर ओलांडण्याइतका कोळसा बोटीत मावेल का, याची खात्री कोणाला नव्हती. १८३८ मध्ये ब्रिस्टलहून निघालेली 'ग्रेट वेस्टर्न' सुमारे १५ दिवसांत न्यूयॉर्कला पोचली, तेव्हा तिच्या कोठारात कोळसा शिल्लक होता. तिचा आराखडा इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल या इंग्रज अभियंत्याचा. बोट जितकी मोठी तितका तिच्या क्षमतेच्या मानाने लागणारा कोळसा कमी, हे त्याने गणिताने ओळखलं होतं.

पण नुसत्या इंजिनाने लायनर उभी राहिली नाही. तिला उभं केलं टपालाच्या कंत्राटाने. सरकार टपाल नेण्याचे दरवर्षी ठरावीक पैसे देणार आणि बदल्यात बोट ठरल्या तारखेला सुटलीच पाहिजे. सॅम्युएल क्युनार्डची 'ब्रिटानिया' ४ जुलै १८४० रोजी लिव्हरपूलहून हॅलिफॅक्स आणि बॉस्टनकडे निघाली ती याच कंत्राटावर. पी अँड ओ या ब्रिटिश बोट कंपनीचा पाया १८३७ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या टपालावर घातला गेला, आणि १८४० मध्ये सनद मिळून ती पूर्वेकडे वळली. बोटीच्या नावाआधी 'आरएमएस' लागतं त्याचा अर्थच 'शाही टपालाची बोट'.

मुंबईची कथा याहूनही आधीची. 'ह्यू लिंडसे' नावाची वाफेची बोट मुंबईच्याच गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधली गेली आणि २० मार्च १८३० रोजी सुएझकडे निघाली. तिच्यात साडेपाच-सहा दिवसांच्या कोळशाची जागा होती आणि एडनपर्यंतची मजल त्याच्या जवळपास दुप्पट. मग केबिनांमध्ये आणि बैठकीच्या दालनातही कोळसा भरला. बोट पाण्यात इतकी खाली बसली की लाटा डेकला लागत होत्या. तरी ती महिनाभरात सुएझला पोचली. जगातल्या पहिल्या धाडसी वाफेच्या सफरींमध्ये ही मोजली पाहिजे, पण तिचं नाव क्वचितच ऐकू येतं.

ब्रुनेलची 'ग्रेट ईस्टर्न' अपयशी ठरली, असं का म्हणतात?

१८५८ मध्ये पाण्यात उतरलेली ही बोट २११ मीटर लांब होती आणि ४,००० प्रवासी नेण्यासाठी आखलेली. लांबीत तिला मागे टाकणारी बोट यायला १८९९ साल उजाडलं. प्रवासी वाहतुकीत तिने मालकांना बुडवलं, हे खरं. पण समुद्रतळाची तार टाकायला तिच्याइतकी पोटभर जागा दुसऱ्या कुठल्याच बोटीत नव्हती. १८६६ मध्ये तिने अटलांटिकची तार टाकली, आणि १८७० च्या सुरुवातीला मुंबईला येऊन इथून एडनपर्यंतची. त्याच वर्षी जूनमध्ये मुंबई-लंडन समुद्री तारेने जोडली गेली. पत्राला तीन-चार आठवडे लागण्याच्या काळात निरोप तासांत जाऊ लागला. अशा बोटीला मी अपयशी म्हणणार नाही.

मुंबईहून विलायतेला किती दिवस लागत?

शिडाच्या जहाजाने केप ऑफ गुड होपला वळसा घालून चार ते सहा महिने. वाफ आल्यावर सुएझपर्यंत बोटीने, तिथून वाळवंटातून कैरो, मग अलेक्झांड्रिया आणि पुन्हा दुसरी बोट. १७ नोव्हेंबर १८६९ रोजी सुएझ कालवा खुला झाला आणि ही मधली उतरचढ संपली.

एक नेमकं उदाहरण देतो. महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी २९ ऑगस्ट १९३१ रोजी मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले. ११ सप्टेंबरला फ्रान्समधलं मार्सेय बंदर, १२ सप्टेंबरला लंडन. म्हणजे बोटीचे १३ दिवस आणि पुढे आगगाडी. घाईतला माणूस मार्सेयला उतरून गाडी पकडे. ज्यांना घाई नसे किंवा पैसे वाचवायचे असत ते बोटीतच बसून जिब्राल्टरमार्गे लंडनजवळच्या टिलबरीला जात.

बॅलार्ड पिअरचं एवढं महत्त्व का होतं?

कारण बोट आणि रेल्वे तिथे एकमेकींना भेटत. मुंबई पोर्ट ट्रस्टची स्थापना १८७३ ची आणि कर्नल बॅलार्ड हे त्याचे पहिले अध्यक्ष. त्यांचंच नाव धक्क्याला आहे. पुढे १९१४ मध्ये शेजारी अलेक्झांड्रा डॉक झाला, जो आज इंदिरा डॉक म्हणून ओळखला जातो. बॅलार्ड पिअरला 'मोल' नावाचं रेल्वे स्टेशनच होतं. विलायतेची डाक आली की थैल्या सरळ गाडीत चढत. १ सप्टेंबर १९२८ रोजी सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल याच डाकेच्या हिशेबाने आखलेली. बोटीला उशीर झाला की लाहोरपर्यंतच्या कचेऱ्या पत्रांची वाट बघत बसत.

सिंधुबंदी असताना लोक जात कसे?

१९व्या शतकात समुद्र ओलांडणं म्हणजे जात बाटणं, आणि परतल्यावर प्रायश्चित्त किंवा बहिष्कार. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांचं वय १८ होतं आणि विरोध केवढा होता हे आपण सगळे जाणतो. १८८८ मध्ये 'क्लाइड' बोटीने निघालेल्या तरुण मोहनदास गांधींना त्यांच्या मोढ वाणी जातीने मुंबईतच बाहेर टाकलं होतं.

लोकांनी वाटा काढल्या. कोणी स्वतःचा स्वयंपाकी आणि शिधा नेला, कोणी फळं आणि घरचे लाडू यांवर दिवस काढले. १९३१ मध्ये 'राजपुताना'वर पंडित मदनमोहन मालवीय होते, त्यांनी गंगाजल आणि मातीसुद्धा सोबत घेतली होती. त्याच बोटीवर गांधीजींनी आपल्या मंडळींचं जादा सामान पाहून ते एडनहून परत पाठवायला लावलं. एकाच डेकवरची ही दोन माणसं मला नेहमी शेजारी शेजारी दिसतात.

टायटॅनिक एवढी का लक्षात राहिली? तिच्याबद्दल कुठले समज चुकीचे आहेत?

बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत बांधलेली ४६,३२८ टनांची ही बोट पहिल्याच सफरीत १४ एप्रिल १९१२ च्या रात्री ११ वाजून ४० मिनिटांनी हिमनगाला घासली आणि २ वाजून २० मिनिटांनी बुडाली. २,२०० हून अधिक माणसांपैकी सुमारे १,५०० गेली.

जीवनौका कमी होत्या त्या कायदा मोडून नव्हे, हे समजून घ्यायला हवं. त्या वेळचा ब्रिटिश नियम प्रवासीसंख्येवर नव्हे तर बोटीच्या टनांवर आधारलेला होता, आणि १०,००० टनांच्या वर कितीही मोठी बोट असली तरी १६ नौका पुरेशा मानल्या होत्या. टायटॅनिकवर २० होत्या, म्हणजे नियमापेक्षा चार जास्तच. त्यांत १,१७८ माणसं मावली असती. नियम जुना झाला होता आणि बोटी त्याच्या पुढे गेल्या होत्या. १९१४ चा सागरी सुरक्षेचा आंतरराष्ट्रीय करार, सगळ्यांना पुरतील इतक्या जीवनौका आणि हिमनगांवरची गस्त, हे सगळं त्या रात्रीनंतर आलं.

दुसरा समज चार धुराड्यांचा. धूर तिघांतूनच निघे. चौथं मुख्यतः हवेसाठी होतं, आणि चार धुराडी असली की बोट जास्त ताकदवान भासते म्हणूनही.

तिच्यावर पाच टपाल कर्मचारी होते. पाणी टपालाच्या खोलीत शिरलं तेव्हा ते रजिस्टर्ड टपालाच्या थैल्या वरच्या मजल्यावर ओढत होते. पाचही जण गेले. टायटॅनिकचं बोलताना मला झुंबरं आणि जिना आठवत नाही, ही माणसं आठवतात.

टायटॅनिकचा भारताशी काही संबंध आहे का?

आहे, आणि तो मुंबईतून जातो. ॲनी फंक ही मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाची अमेरिकन मिशनरी आजच्या छत्तीसगडमधल्या जांजगीर इथे मुलींची शाळा चालवत होती. आईच्या आजारपणाची तार आली म्हणून ती मुंबईला आली आणि 'पर्शिया' बोटीने युरोपला गेली. इंग्लंडहून पुढची तिची बोट कोळसा कामगारांच्या संपामुळे रद्द झाली, म्हणून तिला टायटॅनिकवर दुसऱ्या वर्गाचं तिकीट मिळालं. १२ एप्रिलला तिने बोटीवरच आपला अडतिसावा वाढदिवस साजरा केला. ती वाचली नाही.

पी अँड ओची ती 'पर्शिया'ही साडेतीन वर्षांनी गेली. लंडनहून मुंबईला येत असताना ३० डिसेंबर १९१५ रोजी क्रीटजवळ जर्मन पाणबुडीने तिला टॉर्पेडो मारला. काही मिनिटांत ती बुडाली आणि ५१९ पैकी ३४३ माणसं गेली. ही बोट तर मुंबईचीच म्हणावी अशी, पण आपल्याकडे तिची आठवण कोणी काढत नाही.

सावरकरांनी उडी मारली ती बोट कुठली?

'मोरिया'. ही पी अँड ओची १९०८ ची लायनर होती. सावरकरांना लंडनहून मुंबईला आणताना ती मार्सेय बंदरात थांबली होती. ८ जुलै १९१० च्या सकाळी सावरकर शौचालयाच्या गोल खिडकीतून, म्हणजे पोर्टहोलमधून, बाहेर पडले, पोहून धक्क्यावर चढले आणि धावले. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर दिलं. बोट भर समुद्रात होती असं बऱ्याचदा सांगितलं जातं, ते बरोबर नाही. ती बंदरात उभी होती, आणि म्हणूनच प्रश्न निर्माण झाला: फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला ब्रिटिशांच्या हवाली करणं कायदेशीर होतं का? खटला हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात पकडण्याच्या पद्धतीत अनियमितता मान्य केली गेली, पण ब्रिटनने सावरकरांना परत द्यायची गरज नाही, असं ठरलं.

ज्यांनी जुन्या बोटींची पोर्टहोल पाहिली आहेत त्यांना कळेल की त्यातून खांदे बाहेर काढणं म्हणजे काय. पितळी कडं, आत वळलेला काच-दरवाजा, आणि भोक एवढं की अंग आकसूनच जावं लागतं.

आणखी कुणाची नावं या बोटींशी जोडलेली आहेत?

मला सर्वांत आवडतात त्या दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या सफरी. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन 'नारकुंडा' बोटीने मुंबईला परतत होते. भूमध्य समुद्राचं निळं पाणी पाहून, हा रंग केवळ आकाशाचं प्रतिबिंब आहे हे स्पष्टीकरण त्यांना पटेना. साध्या उपकरणाने त्यांनी डेकवरूनच निरीक्षणं केली आणि मुंबईत पोचताच त्यावर टिपण लिहून पाठवलं. पुढचं संशोधन त्या प्रश्नातून वाढलं.

नऊ वर्षांनी, ३१ जुलै १९३० रोजी, त्यांचा १९ वर्षांचा पुतण्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबईहून इटालियन 'पिल्स्ना' बोटीने निघाला. वाटेतल्या मोकळ्या दिवसांत त्याने श्वेतबटू ताऱ्याच्या वस्तुमानाला मर्यादा असते, हे गणित मांडलं. गंमत अशी की डिसेंबर १९३१ मध्ये गोलमेज परिषदेहून गांधीजी मुंबईला परतले ते याच पिल्स्नाने.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर पहिल्या गोलमेज परिषदेसाठी ४ ऑक्टोबर १९३० रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया'ने निघाले. त्यांनी ठक्कर बाप्पांना अस्पृश्यता निवारणाच्या कामाबद्दल लिहिलेल्या प्रसिद्ध पत्रावर पोर्ट सैद, १४ नोव्हेंबर १९३२ आणि 'व्हिक्टोरिया' बोटीचं नाव आहे. त्याआधी १९१७ मध्ये ते मायदेशी परतत असताना ज्या बोटीवर त्यांचं सामान होतं ती टॉर्पेडोने बुडाली आणि त्यांची पुस्तकं समुद्रात गेली. त्यांच्यासारख्या वाचकाला ते किती लागलं असेल!

दोन आठवडे हातात काही काम नाही, समोर पाणी, शेजारी अनोळखी माणसं. विमानाने ही फुरसत काढून घेतली.

बोटीवर काम कोण करत असे?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पी अँड ओच्या बोटींवर अधिकारी ब्रिटिश, पण बोट चालवणारे हात बहुतांश आपले. डेकवर गुजरात-कच्छचे आणि रत्नागिरीकडचे खलाशी, त्यांत कोकणी मुसलमान मोठ्या संख्येने. खाली बॉयलरपाशी पंजाबी आणि पठाण. जेवणघर, केबिनी आणि मुदपाकखाना गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींकडे. इंग्रजीत या सगळ्यांना 'लास्कर' म्हणत.

त्यांची स्वतःची उतरंड आणि स्वतःची भाषा होती. सारंग हा डेकच्या टोळीचा प्रमुख. बहुतेकदा तोच आपल्या गावातून आणि नात्यातून माणसं आणी. त्याच्या हाताखाली टंडेल. सुकाणू धरणारा सुकाणी, सामान सांभाळणारा कस्साब, स्वयंपाकाला भंडारी. इंजिनखात्यात भट्टीपुढचा तो आगवाला आणि कोळसा ओढणारा कोयलावाला. 'हबेस' म्हटलं की ओढायचं किंवा वर घ्यायचं, 'आरिया' म्हटलं की खाली सोडायचं. हा 'आरिया' पोर्तुगीजांकडून आलेला. क्रेनखाली हात हलवत हेच शब्द ओरडणारी माणसं आपल्या गोद्यांमध्ये अलीकडेपर्यंत होती. नव्या इंग्रज अधिकाऱ्याला ही भाषा शिकावी लागे, नाहीतर हुकूम चालतच नसे.

तांबड्या समुद्रातल्या उन्हाळ्याचा विचार करा. वरचे प्रवासी गाद्या घेऊन डेकवर झोपायला येत. त्या वेळी कितीतरी मजले खाली भट्टीचं दार उघडून आगवाला फावड्याने कोळसा टाकत असे. टायटॅनिकवर १५९ भट्ट्या होत्या आणि दिवसाला ६०० टनांहून जास्त कोळसा लागे. सगळा हाताने. मुंबईच्या बोटी तेवढ्या मोठ्या नव्हत्या, पण काम तेच आणि उष्णता जास्त. पगार मात्र गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली, आणि झोपायची जागाही कायद्यानेच कमी.

१९२२ मध्ये मुंबईकडे निघालेली 'इजिप्त' फ्रान्सच्या टोकापाशी धुक्यात दुसऱ्या बोटीला धडकून वीस मिनिटांच्या आत बुडाली, तेव्हा इंग्रजी वर्तमानपत्रांनी दोष या खलाशांच्या माथी मारला. चौकशीत पुढे आलं ते वेगळंच: जीवनौका उतरवण्याच्या कवायतीकडे वरच्यांनीच दुर्लक्ष केलं होतं.

दोन सफरींच्या मधल्या काळात गोव्याची मंडळी मुंबईत आपल्या गावाच्या 'कुडा'त राहत. धोबी तलाव, गिरगाव, माझगाव भागात असे कूड होते. गावच्या संताची तसबीर, भिंतीला लागून ओळीने ट्रंका, आणि बोटीवर नोकरी मिळण्याची वाट पाहणारी माणसं.

'पॉश' हा शब्द या बोटींवरून आला का?

नाही. जाताना डाव्या बाजूची आणि परतताना उजव्या बाजूची, म्हणजे उन्हापासून वाचणारी केबिन, यासाठीच्या 'पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम' या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून तो बनला, अशी गोष्ट सांगतात. पण तशी अक्षरं छापलेलं एकही तिकीट कधी सापडलेलं नाही.

भारतीय मालकीची बोट विलायतेला गेली का?

गेली, ५ एप्रिल १९१९ रोजी, मुंबईहून. नाव 'लॉयल्टी'. तिच्यामागे सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि त्यांचे सहकारी होते.

या बोटीचं पूर्वायुष्य ऐकण्यासारखं आहे. ती मुळात 'एम्प्रेस ऑफ इंडिया', कॅनेडियन पॅसिफिक कंपनीची, व्हँकूवर ते योकोहामा आणि हाँगकाँग धावणारी लायनर. पहिल्या महायुद्धात ग्वाल्हेरच्या महाराजांनी ती विकत घेऊन इस्पितळ-बोट केली आणि नाव ठेवलं 'लॉयल्टी'. युद्ध संपल्यावर वालचंदांनी ती विकत घेतली. त्यांच्या नव्या कंपनीला सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन हे नाव पडलं ते बोटीच्या या आधीच्या मालकावरून.

'निष्ठा' असं नाव असलेली बोट ब्रिटिश कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान द्यायला निघाली! धंद्याच्या दृष्टीने ती तोट्यात गेली. ब्रिटिश कंपन्यांनी दर पाडले, बोट जुनी होती, आणि १९२३ मध्ये ती मुंबईतच मोडीत निघाली. पण कंपनी टिकली, आणि ५ एप्रिल हा आज आपला राष्ट्रीय सागरी दिन आहे.

सर्वांत वेगवान लायनर कुठली?

'युनायटेड स्टेट्स'. १९५२ मध्ये पहिल्याच सफरीत तिने अटलांटिक ३ दिवस १० तास ४० मिनिटांत ओलांडला, सरासरी ३५.५९ नॉट, म्हणजे ताशी जवळजवळ ६६ किलोमीटर. त्याआधी 'मॉरेटानिया'ने हा मान २० वर्षं राखला होता, आणि ३०च्या दशकात फ्रान्सची 'नॉर्मंडी' आणि ब्रिटनची 'क्वीन मेरी' तो एकमेकींकडून हिसकावून घेत होत्या.

'नॉर्मंडी'चा शेवट मनाला लागतो. अनेकांच्या मते इतकी देखणी लायनर दुसरी झाली नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावर तिचं सैन्यवाहू बोटीत रूपांतर करताना आग लागली आणि आग विझवायला ओतलेल्या पाण्याच्या भारानेच ती कलंडली.

युद्धात मुंबईच्या बोटींचं काय झालं?

बहुतेक गेल्या. 'राजपुताना' एप्रिल १९४१ मध्ये आइसलंडजवळच्या समुद्रात, 'व्हिक्टोरिया' जानेवारी १९४२ मध्ये, 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' आणि 'नारकुंडा' नोव्हेंबर १९४२ मध्ये अल्जीरियाच्या किनाऱ्याजवळ, तीन दिवसांच्या अंतराने.

त्याच महिन्यातली 'तिलावा' जास्त जवळची. ब्रिटिश इंडिया कंपनीची ही बोट २० नोव्हेंबरला मुंबईहून मोंबासा आणि दरबानकडे निघाली. प्रवासी मुख्यतः आफ्रिकेत कामधंदा करणारे भारतीय. २३ तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. बोट तरंगत राहिली, म्हणून काही जण जीवनौकांमधून परत चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. ९५८ पैकी २८० जण गेले. बाकीच्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना ब्रिटिश युद्धनौका 'बर्मिंगहॅम'ने वाचवलं. तिच्यातली २,३६४ चांदीच्या विटांची रास २०१७ मध्ये समुद्रतळातून वर काढली गेली आणि तिच्या मालकीचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. चांदीच्या बातम्या जगभर छापून आल्या, माणसांची नावं घरोघरीच राहिली.

बोट लागायची का?

लागायची, विशेषतः पावसाळ्यात अरबी समुद्रात. 'बोट लागणे' हा शब्दप्रयोग उगाच नाही आला. १९५० च्या 'चुसान'वर बाजूंना पंखासारखे, बोटीचं डोलणं कमी करणारे स्टॅबिलायझर बसवले गेले. मोठ्या प्रवासी लायनरवर ते पहिल्यांदाच.

बोटीचे 'टन' म्हणजे वजन का?

नाही. प्रवासी बोटींचा टन हे आतल्या जागेचं माप आहे. जुन्या पद्धतीत १०० घनफूट म्हणजे एक टन. त्यामुळे २०२४ मध्ये सुरू झालेली 'आयकॉन ऑफ द सीज' सुमारे २,४८,००० टनांची आणि टायटॅनिक ४६,००० ची म्हटल्यावर ती पाचपट जड नव्हे, पाचपट ऐसपैस समजावी.

लायनर संपल्या कशा?

जेट विमानाने. ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकवर जेट सेवा सुरू झाली. पाच दिवसांचं अंतर सात-आठ तासांवर आलं. आपल्याकडे १९६० मध्ये एअर इंडियाची बोइंग ७०७ आली. मुंबईला येणाऱ्या अँकर लाइनच्या प्रवासी बोटी १९६६ मध्ये बंद झाल्या, आणि जून १९६७ मध्ये सुएझ कालवा मिटला तो आठ वर्षं. उरलेल्या मार्गांचाही मग अर्थ राहिला नाही.

काही बोटींनी क्रूझचा वेश घेतला. १९६२ ची 'फ्रान्स' १९८० पासून 'नॉर्वे' नावाने कॅरिबियनमध्ये फिरली. २००३ मध्ये मायामीत बॉयलरचा स्फोट झाला आणि २००६ मध्ये 'ब्लू लेडी' या नावाने ती गुजरातच्या अलंग किनाऱ्यावर आली. तिच्यातल्या ॲस्बेस्टॉसवरून आपल्या सर्वोच्च न्यायालयात वाद झाला, २००७ मध्ये परवानगी मिळाली आणि आपल्या कामगारांनी गॅसकटरने ती कापली. भरती-ओहोटीच्या चिखलात उभी असलेली ती निळी बोट ज्यांनी पाहिली ते नशीबवान, आणि दुःखीही.

आज कुठल्या जुन्या लायनर पाहता येतात?

ब्रुनेलची १८४३ ची 'ग्रेट ब्रिटन' ब्रिस्टलमध्ये, 'क्वीन मेरी' कॅलिफोर्नियात लाँग बीचला, १९३० ची 'हिकावा मारू' योकोहामात, १९५९ ची 'रॉटरडॅम' त्याच नावाच्या शहरात. 'क्यूई टू', म्हणजे 'क्वीन एलिझाबेथ २', २०१८ पासून दुबईत हॉटेल आहे, आपल्याला सर्वांत जवळची तीच. 'युनायटेड स्टेट्स'ला मात्र फ्लोरिडातल्या ओकालूसा काउंटीने २०२४ मध्ये समुद्रतळावरची कृत्रिम भित्ती बनवण्यासाठी विकत घेतलं. खरीखुरी लायनर म्हणून चालणारी आता एकच, 'क्वीन मेरी २'.

आमचे आजोबा कुठल्या बोटीने गेले, हे कसं शोधायचं?

ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात प्रवासी याद्या आहेत: येणाऱ्यांच्या १८७८ ते १९६० आणि जाणाऱ्यांच्या १८९० ते १९६०. ऑनलाइन शोधता येतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. आडनाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं, त्यामुळे कुलकर्णी, देशपांडे, फर्नांडिस यांची सगळी शक्य स्पेलिंगं करून पाहा. आणि आजोबा मार्सेयला उतरून गाडीने गेले असतील तर ते या याद्यांत सापडणार नाहीत.

याद्यांच्या आधी घरचा माळा बघा. आमच्याकडे पत्र्याची एक काळी ट्रंक आहे. तिच्या झाकणावर पी अँड ओचं अर्धवट फाटलेलं लेबल आहे: 'नॉट वॉन्टेड ऑन व्हॉयेज', म्हणजे प्रवासात लागणार नाही, तळघरात टाका. खाली शाईने बोटीचं नाव लिहिलंय, त्यातलं 'स्ट्रॅथ' एवढंच वाचता येतं. पुढची अक्षरं पाण्याने गेली आहेत. पी अँड ओच्या स्ट्रॅथ नावाच्या पांढऱ्या लायनर पाच होत्या: स्ट्रॅथनेव्हर, स्ट्रॅथेअर्ड, स्ट्रॅथमोर, स्ट्रॅथीडन आणि स्ट्रॅथॅलन. शेवटची १९४२ मध्ये बुडाली आणि आजोबा गेले ते युद्धानंतर, तेव्हा चार उरतात. मी अजून शोधतो आहे.